स्वभावाची गुणपत्रिका

नोकरीच्या बाजारात आजवर पदवी, टक्केवारी आणि लेखी परीक्षेतील गुण विचारले जात. आता उमेदवाराचा स्वभावही तपासला जाऊ लागला आहे. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या भरतीत तिसऱ्या टप्प्यात सायकोमेट्रिक चाचणी असते. इतर सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसनेही २०२५ मध्ये ऑफिसरच्या भरतीत व्यक्तिमत्त्व चाचणी आणली. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे डोळे याच नोकऱ्यांकडे लागलेले असतात. म्हणून या चाचणीचा विचार आपणच केला पाहिजे.

माणसाची पारख करूच नये, असे कोणी म्हणणार नाही. लोकांचा पैसा ज्याच्या हाती द्यायचा, तो कसा आहे हे पाहणे बँकेचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो पारख करण्याच्या रीतीचा.

आपल्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाचा ओलावा यंत्राने मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे सीसीआय कापूस घेत नाही. शेतकरी कुरकुरतो, पण आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि नियम त्याला ठाऊक असतो. शिवाय कापूस काही गिऱ्हाईक पाहून आपला ओलावा लपवीत नाही. माणसाचे तसे नाही. 'अनोळखी लोकांत मिसळायला मला आवडते' या वाक्यापुढे नोकरीची गरज असलेला कोणता तरुण 'नाही' अशी खूण करील? खरे बोलणारा मागे राहील आणि 'योग्य' उत्तरे पाठ करणारा पुढे जाईल. मग पारख झाली ती स्वभावाची की चतुराईची?

दुसरी गोष्ट भाषेची. बँक ऑफिसरची परीक्षा इंग्रजी व हिंदीतून होते. हिशेब कोणत्याही भाषेत सारखाच; मन मात्र मातृभाषेत बोलते. मराठी माध्यमातून शिकलेला आमचा मुलगा आधी शब्दाचा अर्थ लावणार, मग मनाचा ठाव घेणार. वडीलधाऱ्यांपुढे कमी बोलावे, स्वतःची बढाई मारू नये, हे आमच्या घरचे वळण. हाच मुलगा बाजारात आडत्याशी तेलुगूत आणि घरी आजीशी मराठीत बोलून दोघांचाही विश्वास मिळवतो. त्याला अबोल म्हणायचे की बोलका? आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांपुढेही हाच प्रश्न उभा आहे.

सैन्याच्या निवड मंडळातही मानसशास्त्रीय चाचण्या असतात. तीस सेकंद एक चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात. पण तेथे मानसशास्त्रज्ञ, गटकार्य घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे जण काही दिवस उमेदवाराला निरनिराळ्या बाजूंनी पाहतात. लोकसेवा आयोगाच्या २७५ गुणांच्या मुलाखतीचे तर अधिकृत नावच व्यक्तिमत्त्व चाचणी आहे, आणि ती मराठीतूनही देता येते. समोर माणूस असला म्हणजे एका उत्तराचा खुलासा दुसऱ्या उत्तराने करता येतो. संगणकावरच्या खुणेला ती सोय नाही.

तेव्हा मागणे थोडकेच आहे. चाचणी उमेदवाराच्या भाषेत असावी. तिच्यातून काय निष्पन्न झाले, ते त्यालाही कळावे. आणि केवळ तिच्यावरून कोणाचेही नाव यादीतून गळू नये. जो मान आम्ही कापसाला देतो, तेवढा तरी तो पिकवणाऱ्याच्या मुलाला मिळावा.