गणकयंत्रातील मुंबईकर

सकाळी आठच्या सुमारास विरारच्या फलाटावर उभा असलेला नोकरदार गाडीत पाय कोठे ठेवावा या विवंचनेत असतो. आपल्यासारखाच एक काल्पनिक प्रवासी नियोजनकारांच्या संगणकातही रोज घर सोडून कामावर निघतो, हे त्याच्या गावीही नसते. पूल कोठे व्हावा, मेट्रो कोठून न्यावी, हे ठरविताना मात्र त्या काल्पनिक प्रवाशाचीच साक्ष काढली जाते. म्हणून त्याची ओळख नागरिकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

या शास्त्राचा पाया १९५० नंतरच्या दशकात डेट्रॉइट व शिकागो या शहरांत घातला गेला. शहराचे विभाग पाडावयाचे. कोठून किती फेऱ्या निघतील, त्या कोठे जातील, कोणत्या वाहनाने व कोणत्या मार्गाने जातील, हे चार प्रश्न क्रमाने सोडवावयाचे, ही त्याची रीत. आता तर लक्षावधी काल्पनिक माणसे यंत्रात वसवून त्यांची दिवसभराची ये-जा पाहता येते. ही विद्या थोतांड खचित नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बार्ट' रेल्वेने कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक जातील, असा अधिकृत अंदाज होता. डॅनियल मॅकफॅडन यांनी माणसांच्या निवडीचा अभ्यास करून ६.३ टक्के हा आकडा काढला, प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक आले.

परंतु यंत्राला जे सांगावे तेवढेच ते जाणते. गिरणगावातील कामगार चाळीतून पायी गिरणीत जात असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले आणि माणसे दूरच्या उपनगरांतून तेथे येऊ लागली. जमिनीचा वापर पालटला की प्रवास पालटतो, हा या शास्त्राचा पहिला धडा. तरीही एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल अरुंदच राहिला, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. येथे संगणक चुकला नाही. धडा पाठ असूनही त्याप्रमाणे न वागणारी माणसे चुकली. महानगरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, हे २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात नमूद आहे. मग उड्डाणपुलांच्या हिशेबात पदपथाला जागा का मिळू नये? त्यातच २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. जुन्या शिरगणतीवर नव्या शहराचे भाकीत करणे कितपत विश्वसनीय?

अंदाज चुकला तर भुर्दंड करदात्यावर पडतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पास मंजुरी देण्यापूर्वी त्यामागील लोकसंख्या, भाडे व पायी चालण्याविषयीची गृहीते मराठीत प्रसिद्ध व्हावीत, आणि पाच वर्षांनी प्रत्यक्ष प्रवासीसंख्या त्यांच्या शेजारी छापली जावी, अशी आमची मागणी आहे. वहीत नुसते उत्तर लिहून आणणाऱ्या मुलाला शिक्षक गुण देत नाहीत. रीत दाखव म्हणतात. सरकारला याहून वेगळा नियम असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.