पोर्ट लुईचे पाणी अडवले कुणी?

३० मार्च २०१३. ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, दोन तासांच्या आत सुमारे १५२ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अकरा माणसे मेली. त्यांतली बहुतेक कोदां भागातल्या पादचारी भुयारी मार्गात आणि एका इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळात अडकली होती. भर शहरात, जमिनीखाली, माणसे बुडाली!

दोष आभाळाला देणे सोयीचे असते. हवामान बदलते आहे हे खरेच. पण मुसळधार पाऊस या टापूला नवा नाही. शेजारच्या रेयूनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला, तो जागतिक विक्रम अजून उभा आहे. उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या गिरमिटियांनी, त्यांत मराठीही होते, इथली वादळे दीडशे वर्षांपूर्वीच सोसली आहेत.

बदलली आहे ती जमीन. पोर्ट लुईच्या पाठीशी डोंगर, पुढ्यात बंदर. डोंगरावरून सुटलेले पाणी बघता बघता शहरात उतरते. उतारांवर घरे चढली, ओढे काँक्रीटमध्ये कोंडले, शहर आणि समुद्र यांच्यामध्ये महामार्ग आला. मग पाण्याने जायचे कुठून?

२०१७ मध्ये निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल चक्रीवादळ आले आणि त्याच राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. हवामान खात्याच्या प्रमुखांना खुर्ची सोडावी लागली. इशारा चुकला असेल तर जाब विचारायलाच हवा. पण ओढ्याच्या काठावर बांधकामाचे परवाने देणाऱ्यांचे काय? त्यांना कोण विचारणार?

पूर ओसरला की चिखल उपसायचा, मदत वाटायची आणि पडलेली भिंत होती तिथेच पुन्हा उभारायची, याला पुनर्वसन म्हणत नाहीत. ती पुढच्या पुराची तयारी झाली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पाण्याच्या वाटांचे नकाशे प्रत्येक नगरपालिकेच्या दारावर लावावेत. त्या वाटेवरचा एकही नवा परवाना निघू नये. जुनी बांधकामे हटवताना तिथल्या गरिबाला आधी दुसरे घर द्यावे. आणि मुसळधार पावसाचा इशारा येताच भुयारी मार्गांना कुलूप लावण्याचे काम नाव घेऊन एका अधिकाऱ्यावर सोपवावे.