प्रवासाचे सांधे

लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर. लोकलमध्ये बसायचं आणि मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत पुण्याला उतरायचं. त्यात बेत कसला आखायचा? पण वाटेत गाडी बदलायची असली, की बेत लागतोच. लांबच्या प्रवासात घोटाळा होतो तो बहुतेक वेळा दोन गाड्यांमधल्या सांध्यावर.

असा एक सांधा आपल्या घाटातच होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. मुंबईची गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत येत होती. मधे उभा बोरघाट! मग उतारूंनी सामानसुमान उतरवायचं आणि पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून घाट चढायचा. वर खंडाळ्याला दुसरी गाडी. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कुठे हा सांधा जुळला.

ही झाली जुनी गोष्ट, असं म्हणाल. मग नकाशा उघडा आणि युरोपच्या उत्तरेला पाहा. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम, फिनलंडची हेलसिंकी. मधे समुद्र. पुष्कळ लोक बोटीने जातात. आपण मात्र ठरवू, की जमिनीवरूनच जायचं. मग समुद्राला वळसा घालून पार उत्तरेला जावं लागतं. रात्रीच्या गाडीने लुलेओ, तिथून सरहद्दीवरचं हापारांडा. पलीकडे लगेच फिनलंडचं टोर्निओ.

इथे आपली स्वीडिश गाडी थांबते. का? दोन रुळांमधलं अंतर स्वीडनमध्ये १४३५ मिलिमीटर, फिनलंडमध्ये १५२४. (आणि लोणावळ्यात १६७६!) फरक जेमतेम चार बोटांचा, पण त्यापायी गाडी बदलायची. बसने केमी गाठायचं आणि तिथून हेलसिंकीची गाडी पकडायची.

आता एक कोडं. समजा, हापारांडाहून बस दुपारी १२ वाजता निघाली आणि ४५ मिनिटांत केमीला पोचली. हेलसिंकीची गाडी दीडला आहे. मिळेल का?

'हो, पाऊण तास हाताशी आहे!' म्हणालात ना? गाडी चुकली तुमची! फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असतं. तुम्ही पोचलात तेव्हा केमीत पावणेदोन वाजले होते. हसू नका हं! आपल्याकडे १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं मुंबईतली पुष्कळ घड्याळं ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' दाखवत होती.

आता परत घरी येऊ. समजा, कामशेतच्या एका ताईला नोकरीच्या मुलाखतीसाठी दिल्लीला जायचंय. मुंबईहून गाडीचं आरक्षण आहे आणि महिना जुलै. मुंबईत तासभर आधी पोचलं की झालं, असं कागदावर छान दिसतं. पण मधे घाट आहे, आणि पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तर घाटातली रेल्वे वाहतूक बंदच पडली होती. लोणावळ्याची लोकल चुकली, तर मागून दुसरी येते. दिल्लीची गाडी चुकली, तर आरक्षण जातं आणि कदाचित मुलाखतही. म्हणून ताईने आदल्या दिवशीच घाट उतरावा आणि मुंबईत कुणाकडे तरी रात्र काढावी. ती रात्र वाया गेली असं मुळीच समजू नये.

तेव्हा बेत आखताना प्रत्येक सांध्यापुढे तीन प्रश्न लिहा. हाताशी वेळ किती? वाटेत अडचण कोणती येईल? आणि ही गाडी चुकलीच, तर पुढची केव्हा? तिसऱ्याचं उत्तर 'उद्या' असेल, तर तिथे भरपूर वेळ सोडा.

दिवाळीत मामाकडे जाणार असाल, तर यंदाचा बेत तुम्हीच आखा. आईबाबांनी फक्त तपासायचा!