पिन बसली म्हणजे झालं, असं नाही!

सध्या आमच्या ग्रुपमध्ये पॅकिंगचा सीझन आहे. मास्टर्सला निघालेल्या प्रत्येकाच्या बॅगेत गोडा मसाला, कुकर आणि ‘युनिव्हर्सल ॲडॉप्टर’ असतोच. दुकानदाराने सांगितलेलं असतं, “जगात कुठेही चालेल.” खरी गोची इथेच आहे.

मागच्या वर्षी माझी मावसबहीण अमेरिकेहून सुट्टीला आली. येताना तिने माझ्यासाठी तिकडचा हेअर स्ट्रेटनर आणला. ॲडॉप्टर लावला, पिन मस्त बसली, बटण दाबलं. मिनिटभरात जळका वास, धूर आणि आईची किंकाळी! दोष ना स्ट्रेटनरचा, ना ॲडॉप्टरचा. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही, हे आम्हा दोन पदवीधर मुलींना ठाऊकच नव्हतं.

गणित सोपं आहे. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100. व्होल्टेज दुप्पट झालं की तापणारी वस्तू साधारण चौपट वीज खेचते आणि जळते. उलट आपला मिक्सर अमेरिकेत लावला, तर तो नुसता कण्हतो. चटणी काही वाटली जात नाही.

म्हणून वस्तूवरची ती मुंगीएवढी अक्षरं वाचा. ‘इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं असेल तर बिनधास्त न्या. मोबाइल, लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असेच असतात. त्यांना फक्त ॲडॉप्टर पुरतो, तोही जिथे जाताय तिथला: अमेरिकेत चपट्या पिना, ब्रिटनमध्ये तीन आयताकृती, जर्मनीत दोन गोल. पण फक्त 220-240 लिहिलेली केटल किंवा इस्त्री अमेरिकेला नेऊच नका. तिला लागणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड असतो, की 23 किलोंच्या बॅगेत पुस्तकांची जागा तोच खाईल. ती वस्तू तिकडेच घ्या.

माझं म्हणणं एवढंच: खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ हा शब्द जेवढा मोठा छापता, तेवढंच मोठं ‘व्होल्टेज बदलत नाही’ हेही छापा, मराठीतसुद्धा. आणि शाळेत ओहमचा नियम पाठ करून घेताना एखाद्या चार्जरचं लेबलही वाचायला लावा. आम्ही मार्क मिळवले, पण घरातलं सॉकेट काही कळलं नाही.

तो जळका स्ट्रेटनर मी जपून ठेवलाय. ग्रुपमधलं कुणी निघालं की आधी तो हातात देते आणि म्हणते, “मागे काय लिहिलंय, वाच.”