नवख्या पाणबुड्याच्या हाती रिब्रीदर किती लवकर?

कोपरगाव : भारतीय नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती रॉकजवळ समुद्रतळाशी विसावावी आणि तिच्याभोवती सागरी पर्यटन उभे राहावे, असा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे. त्यासाठी ही नौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे मासे पाहून येणे, एवढ्यापुरता मर्यादित राहिलेला स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय यामुळे एका नव्या टप्प्यावर येऊन ठेपला आहे. बुडालेले जहाज पाहावयाचे तर अधिक खोल जावे लागते आणि अधिक वेळ पाण्याखाली राहावे लागते. ही गरज निर्माण झाली की तिच्यामागोमाग रिब्रीदर हे उपकरणही येते. जगभरच्या पाणबुड्यांमध्ये ज्या प्रश्नावर दोन तट पडले आहेत, तो प्रश्न त्यामुळे आता महाराष्ट्राच्या दारातही येऊ पाहत आहे. नवशिक्याने रिब्रीदर आरंभापासूनच वापरावा, की आधी साध्या उपकरणावर हात बसू द्यावा?

श्वास वाया न घालविणारे यंत्र

साध्या स्कूबा उपकरणात पाठीवरील सिलिंडरमधून घेतलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडून दिला जातो. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. उच्छ्वासातही त्यापैकी सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. म्हणजे शरीराने न वापरलेला ऑक्सिजनच मोठ्या प्रमाणात वाया जातो. खोली वाढते तसा हा अपव्यय वाढत जातो. दहा मीटरवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, तर तीस मीटरवर चौपट होतो आणि सिलिंडर त्याच प्रमाणात लवकर रिता होतो.

रिब्रीदर हा अपव्यय टाळतो. उच्छ्वास एका बंद नळीमार्गातून फिरविला जातो. वाटेत सोडा लाइमसारख्या रसायनाने भरलेला डबा त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. शरीराने जेवढा ऑक्सिजन खर्च केला असेल तेवढाच नव्याने मिसळला जातो आणि तोच वायू पुन्हा श्वासासाठी परत येतो. ऑक्सिजनचे प्रमाण संवेदक मोजतात व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्यानुसार झडप उघडते. लहानशा सिलिंडरवर दोन-तीन तास पाण्याखाली राहता येते, बुडबुडे उठत नाहीत आणि आवाज जवळजवळ नसल्याने मासे बिचकत नाहीत. छायाचित्रकार, सागरी संशोधक आणि नौदलाचे पाणबुडे यांना हे यंत्र का हवेसे वाटते, हे यावरून ध्यानात यावे.

लवकर सुरुवात करावी असे म्हणणाऱ्यांची बाजू

रिब्रीदर लवकर हाती द्यावा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. साध्या उपकरणावर शिकलेला पाणबुड्या पाण्यातील आपली पातळी श्वासाने सांभाळतो. छाती भरून श्वास घेतला की तो किंचित वर येतो, सोडला की खाली जातो. रिब्रीदरमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण सोडलेला वायू यंत्रातच राहतो व एकूण आकारमान बदलत नाही. त्यामुळे शंभर-दोनशे बुड्या मारलेला अनुभवी माणूसही रिब्रीदरवर पहिल्या दिवशी नवशिक्यासारखा हेलकावे खातो. अंगवळणी पडलेले मोडून नव्याने शिकण्यापेक्षा कोऱ्या पाटीवरच योग्य धडा गिरवावा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. २०१० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस हौशी पाणबुड्यांसाठी सुटसुटीत, बरीचशी तपासणी स्वतःच करणारे रिब्रीदर बाजारात आले आणि 'पॅडी'सारख्या मोठ्या प्रशिक्षण संस्थेनेही त्यांचे अभ्यासक्रम सुरू केले. तेव्हापासून या मताला बळ मिळाले.

इतिहासाचा दाखलाही या बाजूने दिला जातो. रिब्रीदर हे नवे यंत्र मुळीच नाही. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लुस यांनी १८७८ मध्येच ऑक्सिजनवर चालणारा रिब्रीदर तयार केला होता. क्युस्तो व गान्यान यांचे, आजच्या स्कूबाचे मूळ ठरलेले 'अॅक्वालंग' आले ते १९४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर पासष्ट वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धातील नौदलांचे पाणबुडे रिब्रीदरवरच तयार झाले होते. मात्र हाच इतिहास दुसऱ्या बाजूनेही साक्ष देतो. स्वतः क्युस्तो यांनी आधी ऑक्सिजनचे उपकरण वापरून पाहिले होते आणि त्यात त्यांना पाण्याखाली झटके आले होते. दाबाखाली ऑक्सिजनच विषासारखा वागतो, हा अनुभव घेतल्यावर ते दाबाखालील साध्या हवेकडे वळले. आजचे साधे उपकरण लोकप्रिय झाले त्यामागे रिब्रीदरच्या धोक्यापासून केलेली ही सुटका होती, हे विसरता येत नाही.

सूचना न देणारा धोका

या वादात खोली, किंमत, वजन यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु निर्णायक मुद्दा वेगळाच आहे. साध्या उपकरणात काही बिघडले तर ते बहुधा तत्काळ कळते. हवा संपत आली की श्वास ओढताना जड जातो, गळती झाली की बुडबुडे दिसतात. रिब्रीदरमधील बिघाड मात्र अनेकदा मूक असतो.

गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यत्वे वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, घटलेल्या ऑक्सिजनमुळे नव्हे. रिब्रीदर हा कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने, ऑक्सिजनची झडप अडकली तरी श्वास पूर्वीसारखाच मोकळा वाटत राहतो आणि माणूस थेट बेशुद्ध होतो. वीस मीटर खोलीवर यंत्रातील वायूत केवळ दहा टक्के ऑक्सिजन उरला, तरी तेथील तिप्पट दाबामुळे तो श्वासाला पुरतो. तोच वायू घेत पाणबुड्या पृष्ठभागाकडे येऊ लागला की दाब उतरतो, पुरेसा असलेला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि सुटका हाताशी आली असतानाच शुद्ध हरपते. ऑक्सिजन अति झाला तर झटके येतात, तेही पूर्वसूचनेवाचून येऊ शकतात. शोषक रसायन संपले किंवा डबा नीट भरला नाही, तर कार्बन डायऑक्साइड साचून धाप लागते व विचारशक्ती मंदावते. नेमक्या ज्या बुद्धीने संकट ओळखायचे, तीच आधी निकामी होते.

समुद्रापासून दूर असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रकार अपरिचित नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे बायोगॅससाठी वापरल्या जाणाऱ्या पडीक विहिरीत मांजर पडले. त्याला वाचविण्यासाठी उतरलेल्या एकाला वाचविण्याकरिता दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा असे करीत पाच जणांना प्राण गमवावे लागले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. विहिरीतील वायूंची रचना आणि रिब्रीदरमधील बिघाड या गोष्टी एक नव्हेत. परंतु जीवघेणी हवा डोळ्यांना दिसत नाही आणि तिने घेरल्यावर माणसाला विचार करण्यास उसंत मिळत नाही, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. तेथे बचाव झाला तो आधीच बांधलेल्या दोराने. रिब्रीदरवर तो दोर म्हणजे सोबत नेलेला स्वतंत्र हवेचा सिलिंडर आणि क्षणाचाही विलंब न लावता त्याकडे वळण्याचा सराव.

आकडे काय सांगतात

ऑस्ट्रेलियातील वैद्यकतज्ज्ञ अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातील हौशी पाणबुड्यांच्या रिब्रीदरवरील मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १८१ मृत्यूंची नोंद आहे. साध्या स्कूबाच्या तुलनेत रिब्रीदरवरील मृत्यूचा धोका चार ते दहा पट असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. कोणत्याही एका कंपनीचे यंत्र विशेष दोषी आढळले नाही, तसेच सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत अतिजोखमीची बुडी किंवा अतिजोखमीचे वर्तन दिसून आले, ही बाबही त्यात नमूद आहे. म्हणजे यंत्राची गुंतागुंत हा एक भाग झाला, माणसाची शिस्त हा त्याहून मोठा भाग ठरला. मे २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑरलँडो येथे भरलेल्या तिसऱ्या रिब्रीदर परिषदेतही बुडीपूर्वी लेखी तपासणी-यादी वापरण्यावरच भर देण्यात आला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्या काळात रिब्रीदर वापरणारे बहुतेक लोक साध्या उपकरणावर शिकून, अनुभव घेऊन आलेले होते. अशांच्या हातून तपासणी चुकते, इशारे दुर्लक्षिले जातात, तर मुखवट्यात शिरलेले पाणी काढतानाच गोंधळणाऱ्या नवशिक्याकडून मनगटावरील आकड्यांवर अखंड नजर ठेवण्याची अपेक्षा कशी धरावी? नवशिक्याचे बहुतेक अवधान कान मोकळे करणे, तोल सांभाळणे व भीती आवरणे यांतच खर्च होते. रिब्रीदर मागतो तो नेमका शिल्लक अवधानाचा वाटा.

सवय लागण्याच्या भीतीलाही यातच उत्तर आहे. गोदावरीच्या काठी आणि कालव्यालगतच्या विहिरींत पिढ्यान् पिढ्या पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधून पोरे पोहायला शिकली. भोपळ्याची सवय लागते म्हणून कोणी पहिल्याच दिवशी पोराला मोकळे सोडले नाही. हातपाय आपसूक चालू लागले की भोपळा सुटतो. श्वासाने पातळी सांभाळण्याची सवय मोडावी लागणे हे कष्टाचे आहे, परंतु त्या कष्टाची किंमत काही दिवसांचा जादा सराव एवढीच असते. उलट क्रम लावल्यास चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते.

महाराष्ट्रासमोरचा खरा प्रश्न

मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाने स्कूबा प्रशिक्षण संस्थाही उभारली आहे. तरीही येथे येणारा बहुसंख्य पर्यटक 'चाचणी बुडी'पलीकडे जात नाही. 'पॅडी'च्या पद्धतीनुसार अशा बुडीची मर्यादा १२ मीटर, पहिल्या पूर्ण प्रमाणपत्राची १८ मीटर व त्यापुढील टप्प्याची ३० मीटर आहे. किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात रिब्रीदरचा वेळ वाचविण्याचा गुण फारसा उपयोगाचा नाही, मात्र त्याची सर्व जोखीम तेथेही कायम राहते. शिवाय शुद्ध ऑक्सिजन, ताजे शोषक रसायन, ठराविक मुदतीने बदलावे लागणारे संवेदक आणि जाणकार दुरुस्ती यांची साखळी अखंड हवी. यंत्राची किंमतच काही लाख रुपयांच्या घरात जाते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा उपकरणाच्या आधी बोट, गर्दी व देखरेख या मूलभूत बाबींचा विचार करणे किती आवश्यक आहे, हे दिसून आले.

याचा अर्थ रिब्रीदरला महाराष्ट्रात स्थान नाही, असा नव्हे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडित पठाराचा माथाही सुमारे वीस मीटर खोल आहे. तेथील प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला दीर्घकाळ व निःशब्द काम करू देणारे हे यंत्र वरदान ठरू शकते. 'गुलदार'भोवती काम करणाऱ्या प्रशिक्षित मार्गदर्शकालाही उद्या त्याची गरज भासेल. परंतु हे सर्व शिडीच्या वरच्या पायरीवरचे उपयोग आहेत.

तेव्हा 'लवकर' या शब्दाची फोड करणे इष्ट ठरेल. दाबाखाली वायू कसे वागतात, ऑक्सिजन कमी किंवा अधिक झाला तर काय होते, बुडीपूर्वी यादी हातात धरून तपासणी कशी करावी, हे ज्ञान नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच द्यावे. ते साध्या उपकरणावरही प्राण वाचविते. यंत्र मात्र नंतर यावे, आणि किती बुड्या झाल्या यापेक्षा संकटात हात आपसूक योग्य दिशेने जातो किंवा नाही, ही त्याची कसोटी असावी. मालवणच्या किनाऱ्यावर नवे जहाज आणण्याइतकीच घाई चाचणी बुडीकडून पूर्ण प्रशिक्षणाकडे नेणारी शिडी बांधण्याची केली, तर रिब्रीदर योग्य हाती व योग्य वेळी पोहोचेल. तशी शिडी नसताना ते दुकानात मांडलेले एक महागडे आकर्षण ठरले, तर त्याचा पहिला ग्राहक त्याच्या धोक्याविषयी सर्वांत अनभिज्ञ असलेलाच असेल.