अव्यक्त गृहीतकाचा शोध

एका नगरपालिकेने तक्रारनिवारणासाठी स्वतंत्र कक्ष उघडला, त्यानंतरच्या वर्षात दाखल झालेल्या अर्जांची संख्या आदल्या वर्षाच्या दुप्पट झाली, सबब पालिकेचा कारभार बिघडला आहे, असे कोणी भर सभेत आवेशाने सांगितले तर टाळ्या पडतील यात संशय नाही. परंतु व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेत अशाच धर्तीचे विधान पुढे ठेवून, त्याखाली पाच पर्याय देऊन, यांपैकी कोणती गोष्ट खरी मानल्यास हा निष्कर्ष सर्वाधिक दुर्बल होतो, असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा परीक्षार्थ्यास अर्जांची संख्या आणि कारभाराची स्थिती यांच्यामधला, कोठेही लिहून न ठेवलेला दुवा हुडकून काढावा लागतो. तो दुवा असा की, गैरसोय सोसणाऱ्यांपैकी अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले. पूर्वी अर्ज कोणाकडे द्यावा हेच नागरिकांस ठाऊक नव्हते, असे सांगणारा पर्याय नेमका या दुव्यावर आघात करतो. कक्षातील कर्मचाऱ्यांचे वेतन सांगणारा पर्याय खरा असला तरी येथे गैरलागू आहे.

क्रिटिकल रीझनिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रश्नांत मला जी शिस्त दिसते ती दुर्मीळ आहे. दिलेली माहिती पटो वा न पटो, ती तात्पुरती मान्य करावयाची, पालिकांविषयीचा आपला राग किंवा ममत्व दूर ठेवावयाचे, आणि पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत मारलेली मजल न्याय्य आहे काय, एवढेच तपासावयाचे. गृहीतक खरोखर आवश्यक आहे की नाही, हे ताडण्यासाठी त्याचा निषेध करून पाहावा. तसे करताच युक्तिवाद ढासळला तर ते आवश्यक होते. आपल्या नैयायिकांस हा विचार परका नव्हता. साध्य असेल तेथे आणि नसेल तेथेही जो हेतू आढळतो त्यास ते सव्यभिचार म्हणत व हेत्वाभासांत त्याची गणना करीत. अर्जांची वाढ हा तसाच हेतू होय, कारण ती बिघडलेल्या कारभारातही होते आणि सुधारलेल्या कारभारातही.

खेदाची गोष्ट ही की, शिकवणीवर्गांतून या विचाराऐवजी पुष्कळदा ठोकताळेच पाठ करून घेतले जातात. भाषिक विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवावयाचे असतात, ही घाई त्याची सबब म्हणून पुढे केली जाते. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कदापि’ असे टोकाचे शब्द दिसताच तो पर्याय खोडावा, हा त्यांतला एक ठोकताळा. दिलेल्या माहितीवरून काय निष्पन्न होते, असा प्रश्न असेल तर ही सावधगिरी रास्तच आहे. परंतु ‘खरे मानल्यास’ अशी अट प्रश्नातच घातलेली असते तेव्हा पर्यायाच्या सत्यतेची जबाबदारी प्रश्नकर्त्याने स्वतःच पत्करलेली असते, आणि विधान जितके व्यापक तितका त्याचा आघात प्रबळ होऊ शकतो. तेथे हा ठोकताळा योग्य उत्तरावरच काट मारावयास लावतो. ज्याला प्रश्नाचा हेतू उमगला नाही त्याला वेळ वाचवूनही लाभ नाही.

१९५४ साली सुरू झालेल्या या परीक्षेच्या २०२३ मधील नव्या आवृत्तीतून वाक्यशुद्धीचे प्रश्न वगळण्यात आले, युक्तिवादाचे मात्र ठेवण्यात आले, हा निर्णय मला उचित वाटतो. तथापि ज्या शिक्षणाची गरज मतदारास, पंचास, वर्तमानपत्राच्या वाचकास तितकीच आहे, ते व्यवस्थापनाच्या पदवीकडे वळणाऱ्या मूठभर तरुणांपुरते, तेही इंग्रजीतून आणि पदरमोड करून मिळावे, हे मला अन्यायाचे वाटते. माध्यमिक शाळांतील मराठीच्या शिक्षकांस माझी विनंती आहे की, त्यांनी आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातील, हवे तर याच पानावरील, एखादे विधान फळ्यावर लिहावे आणि त्यातील न लिहिलेले गृहीतक विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. त्यासाठी नव्या पुस्तकाची वा सरकारी मंजुरीची जरुरी नाही.