गोळी गोदामाची, घराची नव्हे

धातू आणि फॉस्फरस यांच्या संयोगाने जी संयुगे तयार होतात, त्यांस फॉस्फाइड म्हणतात. त्यांचे उपयोग अनेक आहेत. कॅल्शियम फॉस्फाइड समुद्रावरील संकटसूचक दिव्यांत वापरले गेले. इंडियम फॉस्फाइडपासून दूरसंचाराच्या काचतंतूंतून संदेश नेणारे प्रकाशदीप बनतात. शेतकरी बंधूंचा संबंध मात्र दोघांशीच येतो : उंदरांसाठीची काळसर भुकटी, म्हणजे झिंक फॉस्फाइड, व साठवणीच्या किडीसाठीची गोळी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड.

या दोहोंचा गुण एकच. झिंक फॉस्फाइड उंदराच्या पोटातील आम्लाशी मिळताच आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइड हवेतील ओलाव्याशी मिळताच फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू निघतो. तो धान्याच्या ढिगात खोलवर शिरतो व दाण्याच्या पोटातील अळीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच बंदिस्त गोदामात, ताडपत्रीखाली, शिक्षित माणसाच्या हातून ही गोळी मोलाची ठरते.

परंतु ज्या गुणामुळे ती गोदामात उपकारक, त्याच गुणामुळे ती घरात घातक होते. फुलसावंगीसारख्या गावात अनेक घरांतून तुरीचे पोते आणि मुलांचे अंथरूण एकाच छपराखाली असते. वायूला भिंतीच्या फटी पुरेशा होतात. त्याला लसणासारखा वा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा; पण शुद्ध वायूला वास नसतो, तेव्हा नाकावर भरवसा ठेवणे धोक्याचे. या विषावर उतारा नाही. मळमळ, डोकेदुखी वा छातीत घुसमट जाणवताच रोग्यास मोकळ्या हवेत आणून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कोणी म्हणेल, ‘मग सोंडे लागलेल्या धान्याचे करावे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, कीड लागू न देणे हेच स्वस्त. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावा. कणगी वा कोठी झाडून, फटी लिंपून घ्यावी. जुन्या दाण्यात नवा मिसळू नये. तूर व हरभरा हवाबंद भांड्यात ठेवावा, अथवा वर कोरड्या बारीक वाळूचा चार बोटे थर द्यावा. डाळ करून ठेवल्यास भुंग्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

कायदाही हेच सांगतो. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील निर्बंधांनुसार ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर शासकीय संस्था व मान्य कीडनियंत्रकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे. १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर बंदी आहे. तरीही एखाद्या फडताळात डबी आढळते, हे आपल्या प्रचाराचे अपयश होय.

२०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. ते विष निराळे होते, पण शिकवण एकच : विषाची ओळख त्याच्या वापराआधी व्हावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच घरोघरी ही गोष्ट सांगावी. वर्षाचे धान्य राखताना घरातील माणूस गमावला, तर त्या राखणीस अर्थ कोणता?